सांगितल्याने गुण जातो का?



आपल्या खेड्यापाड्यांत एक समजूत फार जुनी आहे. कोणा आजीला काविळीचे औषध ठाऊक असते, कोणा आजोबांना विंचवाचे. आजोबा पहाटे उठतात, कोणाशी न बोलता रानात जातात, पाला आणतात आणि आडोशाला बसून तो वाटतात. तुम्ही विचारा, "आजोबा, पाला कशाचा हो?" उत्तर ठरलेले. "सांगू नये बाबा. सांगितलं की गुण जातो."

पुढे आजोबा जातात आणि त्यांच्याबरोबर तो पालाही जातो. तो खरा होता की खोटा, हेदेखील मग कोणाला कळत नाही.

तुम्ही म्हणाल, ही अडाणी काळातली गोष्ट झाली. आता तालुक्या-तालुक्याला सरकारी दवाखाने आहेत, शिकलेले डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत. तिथे कोण लपवून ठेवणार? मंडळी, लपवीत कोणी नसेलही, पण सांगतो कोण? मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

एका तालुक्याच्या गावी आम्ही शेजाऱ्याचे तान्हे मूल घेऊन रात्री दवाखान्यात गेलो होतो. जुलाब-उलट्यांनी मूल सुकून गेले होते. शिरेतून पाणी द्यायचे तर शीर सापडेना. नव्या सिस्टरने तीनदा प्रयत्न केला. बिचारीच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात दाराशी उभा असलेला शिपाई हळूच म्हणाला, "बाई असत्या तर पहिल्या झटक्यात लावली असती. त्यांच्या हाताला गुण होता." या बाई म्हणजे तिथल्या जुन्या सिस्टर. तीनच महिन्यांपूर्वी त्या निवृत्त झाल्या होत्या. आम्ही मूल घेऊन पुढच्या मोठ्या रुग्णालयात धावलो आणि देवदयेने ते वाचले.

नंतर एकदा त्या बाईंची गाठ पडली. मी विचारले, "बाई, तान्ह्या मुलाची शीर तुम्हाला कशी हो सापडायची?" त्या हसल्या आणि पाच मिनिटांत सारे सांगून मोकळ्या झाल्या. मुलाच्या हाताला कोमट पाण्याचा फडका थोडा वेळ गुंडाळून ठेवायचा. घाई करायची नाही. दिवा डोक्यावर न धरता बाजूने तिरपा धरायचा, म्हणजे शिरेची सावली दिसते. शीर डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळते, म्हणून बोटाने चाचपायचे. मी म्हणालो, "मग हे नव्या मुलींना का नाही सांगितलंत?" बाई क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, "निरोप समारंभाला साडी दिली, नारळ दिला, भाषणं झाली. पण तीस वर्षांत हे मला कोणी विचारलंच नाही."

आपण ज्याला हातगुण म्हणतो, त्यातला पुष्कळसा भाग ही न सांगितलेली विद्या असते. ती जाणत्याच्या तोंडून शेजारच्याच्या कानात कशी जाईल, कशामुळे अडते आणि कशामुळे मोकळी होते, याचा थोडा इतिहास आज पाहू. सुरुवात आपल्या पनवेलपासूनच करू.

पनवेल हे जुने बंदराचे आणि व्यापाराचे गाव. मुंबईहून घाटावर जायचे किंवा कोकणात उतरायचे, तर वाट पनवेलवरून. १८५२ साली इथे नगरपालिका झाली. तेव्हा हा सारा मुलूख कुलाबा जिल्ह्यात होता. १९८१ पासून त्याच जिल्ह्याचे नाव रायगड झाले. या गावात १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर औषधी कारखाना काढला. आज हे नाव देशभर ठाऊक आहे. पण त्या काळी ती गोष्ट साधी नव्हती. वैद्य म्हटला की त्याचा खल त्याच्या घरात, पुड्या त्याच्या बटव्यात आणि कृती त्याच्या पोटात. फार तर मुलाला सांगायची, नाहीतर अगदी विश्वासातल्या शिष्याला. कारखाना निघाला, की औषध ठरलेल्या मापाने आणि ठरलेल्या रीतीने करावे लागते. ते करणारे हात अनेक असतात. बाटलीवर नाव घालून ते दूरच्या अनोळखी वैद्याकडे जाते. एका घराचे औषध अनेकांच्या हाती जाण्याची ही एक पायरीच म्हणायची.

त्याच सुमारास महाराष्ट्रात आणखी एक धडपडे वैद्य झाले, शंकर दाजीशास्त्री पदे. त्यांचा 'आर्यभिषक्' हा ग्रंथ तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आजीच्या पेटीत किंवा देवघराच्या फळीवर पाहिलेला असेल. वैद्यांनी आपापल्या गावी दार लावून बसू नये, एकत्र यावे, बोलावे, लिहावे, असा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या खटपटीने १९०७ साली नाशिकला देशभरच्या वैद्यांचे आयुर्वेद महासंमेलन भरले. आणि दुसरे अधिवेशन कुठे भरले ठाऊक आहे? पुण्याला नव्हे, मुंबईला नव्हे, १९०८ साली आपल्या पनवेलला! पुढच्याच वर्षी, १९०९ साली, शास्त्रीबुवा वारले. आयुष्य अवघे बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचे, पण त्यांनी सुरू केलेली संमेलने पुढे चालू राहिली.

वैद्यांनी एकत्र बसून बोलणे ही काही इंग्रजांकडून उसनी घेतलेली कल्पना नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तिला नावच आहे, 'तद्विद्यसंभाषा'. म्हणजे ज्याला तीच विद्या येते त्याच्याशी केलेले संभाषण. चरकाने त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक मिळून मिसळून केलेले, दुसरे वादाच्या ईर्षेने केलेले. दोहोंनी ज्ञान वाढते, शंका फिटतात, बोलण्याचे धैर्य येते, असे तो म्हणतो. आणि पुढे मोठी मार्मिक गोष्ट सांगतो. गुरू जे गुपित एखाद्या लाडक्या शिष्याला प्रसन्न होऊन हळूहळू सांगतो, ते बरोबरीच्या माणसाशी बोलताना भरात येऊन एकदम सांगून टाकतो! माणसाचा स्वभाव किती ओळखला होता पाहा. हुकूम सोडून गुपित बाहेर येत नाही. बरोबरीचे माणूस, आपुलकीची बैठक आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतले कुतूहल, एवढे जमले की जाणता आपणहून बोलतो.

मग एवढे जुने शास्त्रवचन असताना "सांगितलं की गुण जातो" ही समजूत कुठून आली? तिच्या मुळाशी बहुतेक वेळा पोटाचा प्रश्न असतो. विद्या हीच ज्याची शेती, त्याने बांध मोडून कसे चालेल? आणि हे केवळ आपल्याकडेच होते असे समजू नका. इंग्लंडचीच एक गोष्ट ऐका.

सोळाव्या शतकात फ्रान्समधून पळून आलेले चेंबरलेन नावाचे एक घराणे तिथे होते. धंदा बाळंतपणे करण्याचा. अडलेल्या बाईला सोडवण्यात त्यांचा मोठा लौकिक. त्यांच्याजवळ एक लोखंडी चिमटा होता. मुलाचे डोके दोन बाजूंनी अलगद धरून बाहेर घ्यायचा. आज जगभर तो वापरतात. पण या घराण्याने तो सव्वाशे वर्षांच्या वर गुप्त ठेवला. म्हणतात, की सोनेरी नक्षीच्या मोठ्या पेटीतून ते तो नेत आणि बाळंतिणीचेही डोळे बांधत. १६७० साली त्यांच्यातला एकजण हे गुपित विकायला पॅरिसला गेला, पण सौदा फिसकटला. पुढे १८१३ साली त्यांच्या जुन्या वाड्यात फरशीखाली लपवलेले ते चिमटे सापडले. मंडळी, त्या शंभर-सव्वाशे वर्षांत किती बाया अडून मेल्या असतील, त्यांची मोजदाद कोणी केली आहे? उपाय होता आणि फरशीखाली पडला होता.

आता पनवेलहून कोकणच्या रस्त्याला लागू. पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव करीत महाडला पोचू. महाडजवळ बिरवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण डॉक्टर रुजू झाले. नाव हिंमतराव बावस्कर. जन्म जालना भागातल्या देहेड गावचा, घर शेतकऱ्याचे, शिक्षण नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात. कोकणात आल्यावर त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले होते? विंचू.

विंचू आपल्याला नवा नाही. गवताची गंजी, लाकडांची रास, दगडाची गडग, कौलारू घराची भिंत, कुठेही तो असतो. काळा विंचू चावला, तर माणूस कळवळतो, रात्रभर तळमळतो, पण बहुधा सकाळी बरा होतो. लाल विंचवाची गोष्ट वेगळी. आकाराने लहान, पण त्याच्या विषाने चांगले धडधाकट मूल काही तासांत दगावते. त्या वेळी मोठमोठ्या पुस्तकांतही यावर खात्रीचा उपाय नव्हता. अंग खाजल्यावर देतात ती औषधे, सूज उतरवायची औषधे, दुखण्यावरचे इंजेक्शन, जे हाती येईल ते देत, आणि रोगी जायचा तो जाई. गंभीर विषबाधा झालेल्या शंभर रोग्यांत पंचवीस-तीस हाती लागत नसत.

बावस्करांनी एक साधी गोष्ट केली. रोग्याच्या खाटेशी बसून राहिले. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचा गारवा, जे दिसेल ते लिहीत गेले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की मरण अचानक येत नाही, आधी खुणा पाठवते. उलटी होते. अंगाला घामाच्या धारा लागतात. तोंडात लाळ सुटते. हातपाय बर्फासारखे गार पडतात. आणि नवल असे, की ज्याला दंशाच्या जागी फार ठणका नाही, तोच कधी कधी जास्त धोक्यात असतो. या विषाने शरीरातच अशी द्रव्ये उसळतात, की साऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हृदयाला अरुंद नळीतून पाणी ढकलल्यासारखे कष्ट पडतात. ते थकते, फुप्फुसांत पाणी भरते, रोग्याला धाप लागते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो.

या खुणा त्यांनी आपल्या वहीत ठेवल्या नाहीत. १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्या छापून आल्या. पुढे त्यांना वाटले, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध दिले तर? प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी तेव्हा बाजारात होती. महागडी नव्हे, पोटात घ्यायची. ती देऊन पाहिली आणि रोगी जगू लागले. १९८६ साली हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावस्कर यांच्या नावाने तेही 'लॅन्सेट'मध्ये आले. मग नियतकालिकांत लिहिणे, परिषदांत बोलणे, हे सारखे चालू राहिले. गंभीर रोग्यांतले मृत्यू त्यांच्या नोंदींत शंभरात एखाददुसऱ्यावर आले. पुढे विंचवाच्या विषावरची लस आली, तेव्हा नुसती गोळी आणि गोळीबरोबर लस यांची तुलनाही त्यांनी केली, आणि ती २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. दोन्ही दिल्याने रोगी लवकर सुधारतो असे दिसले. आपल्याच उपायाच्या पुढचा उपायही त्यांनी स्वतःच जगापुढे मांडला. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आता सांगा, सांगितल्याने गुण गेला का? बिरवाडी-महाडचा तो गुण जर एका डॉक्टरच्या हातगुणापुरताच राहता, तर महाड तालुका वाचला असता. सांगितल्यामुळे दूरदूरच्या गावची मुले वाचली.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. विंचवाचा मंत्र टाकणारा मांत्रिकही आपली विद्या लपवीतच होता. काळ्या विंचवाचा रोगी आपोआप बरा होई आणि यश मंत्राच्या पदरी पडे. लाल विंचवाचा रोगी मेला, तर "आणायला उशीर केलात." असे का चालू शकले? कारण कोणी वहीत लिहिले नव्हते, कोणी दुसऱ्यापुढे मांडले नव्हते. सांगितलेली विद्या तपासता येते, लपवलेली तपासता येत नाही. तेव्हा म्हातारबाबांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे म्हणायचे! सांगितल्याने खरा गुण जात नाही. खोटा असेल तर मात्र जातो, आणि तो गेलेलाच बरा.

(जाता जाता सांगून ठेवतो. विंचू चावला तर गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही. रोग्याला तडक आरोग्य केंद्रात न्यायचे, आणि घाम, उलटी, गार हात यांतले काय दिसले ते तिथे पहिल्या वाक्यात सांगायचे.)

तुम्ही म्हणाल, बावस्करांची जिद्द सगळ्यांना कुठून येणार? खरे आहे. एखादा माणूस जिद्दीने सांगतो, पण दवाखाना चालतो तो साध्या माणसांवर. तिथे डॉक्टर असतो, सिस्टर असते, औषध देणारा असतो, रक्त तपासणारा असतो, शिपाई असतो, झाडूवाली मावशी असते, आणि २००५ पासून गावात आशाताई असते. रात्री दोन वाजता रोग्याचे हात गार पडले, हे आधी कोणाला कळते? डॉक्टरला नव्हे. पांघरूण सारखे करणाऱ्या मावशीला कळते. पण ती म्हणते, "मी काय सांगू? मोठी माणसं आहेत." या मोठ्या-लहानपणाच्या कुलपाला किल्ली कोणती? त्यासाठी नगर जिल्ह्यातल्या जामखेडला जाऊ. २०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे.

१९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे जोडपे जामखेडला आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. मुलूख दुष्काळी. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे तेव्हा त्या गावांत जन्मलेल्या हजार मुलांतली सुमारे पावणेदोनशे वर्षाच्या आत दगावत. प्रत्येक गावाला डॉक्टर मिळणे शक्य नव्हते आणि शिकलेल्या नर्सबाई खेड्यात राहायला तयार नसत. मग त्यांनी गावकऱ्यांनाच सांगितले, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. निवडून आल्या त्या बहुतेक निरक्षर, कोणी शेतमजूर, कोणी विधवा, कोणी टाकलेली.

या बाया दर आठवड्याला जामखेडला येऊ लागल्या. सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, एकत्र निजायच्या. डॉक्टर खुर्चीवर आणि बाया खाली, असे नाही. सारे गोल करून बसत. आधी बाईने सांगायचे, या आठवड्यात गावात काय पाहिले, काय केले, काय फसले. मग त्यातूनच धडा. एकीला जे जमले ते दुसरी उचलायची आणि पुढच्या आठवड्यात आपल्या गावात करून पाहायची. पुढे नव्या बाया आल्या, तेव्हा त्यांना शिकवायला जुन्या बायाच पुढे झाल्या. बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांनाही त्या धडे देऊ लागल्या. वीस-पंचवीस वर्षांत बालमृत्यूंची ती संख्या हजारी तिशीच्या आत आली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या बायांतल्या एक मुक्ताबाई पोळ. १९८८ साली अमेरिकेत आरोग्याच्या एका मोठ्या परिषदेत त्यांना बोलावले होते. सभागृहात लखलखती झुंबरे. मुक्ताबाईंनी आपल्याबरोबर नेलेली साधी पणती काढली आणि तिथल्या मोठमोठ्या लोकांना समजावले, की हे झुंबर सुंदर आहे खरे, पण ते दुसरे झुंबर पेटवू शकत नाही. माझी पणती लहान, पण तिच्यावर दुसरी पणती लावता येते. इतक्या थोडक्यात ही गोष्ट कोणा पंडिताने सांगितली असेल असे मला वाटत नाही.

जामखेडच्या बाया का बोलू लागल्या? जादा पगार मिळाला म्हणून नव्हे, वरून हुकूम आला म्हणूनही नव्हे. कोणीतरी आपल्याला विचारते, आपले ऐकून घेते आणि आपण सांगितलेले दुसऱ्या गावात उपयोगी पडते, हे त्यांनी पाहिले. माणसाला मानाची भूक असते. विद्या राखून ठेवण्यात जो मान वाटतो, त्याहून मोठा मान ती सांगण्यात मिळाला, तर राखून कोण ठेवील?

आता शेवटचे कुलूप, आणि तेच सर्वांत घट्ट. ते भीतीचे. जे जमले ते माणूस एकवेळ सांगेल, पण जे चुकले ते कसे सांगणार? नोकरी जाईल, बदनामी होईल, रोग्याचे नातेवाईक धावून येतील. म्हणून चूक दडते आणि दडलेली चूक पुन्हा होते. आज एका वॉर्डात, उद्या दुसऱ्या. इंग्लंडात १९५२ पासून एक रीत सुरू झाली. बाळंतपणात बाई दगावली, की त्या मृत्यूची बारकाईने चौकशी करायची, पण नावे गुप्त ठेवून. कोणाला धरायचे म्हणून नव्हे, काय टाळता आले असते हे सर्वांना कळावे म्हणून. त्याचे अहवाल छापत आणि देशभरचे डॉक्टर, सुइणी ते वाचत. चेंबरलेन घराण्याच्या गुपिताचे प्रायश्चित्तच त्या देशाने घेतले म्हणा ना! आपल्याकडेही २०१० साली माता मृत्यूंच्या अशा तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. शिक्षा नव्हे, शिकणे, हाच त्यांचाही हेतू आहे. पण सूचना कागदावर असते आणि भीती मनात असते. ती भीती वरिष्ठाने आधी स्वतःची चूक सांगितली की जाते. "परवा माझ्या हातून असे झाले," असे मोठ्या डॉक्टरने सर्वांपुढे म्हणावे, मग पाहा, सिस्टर बोलेल, मावशीही बोलेल.

पनवेल आता १९०८ चे पनवेल नाही. २०१६ साली महानगरपालिका झाली. सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठाली खासगी रुग्णालये आहेत. उरण, खालापूर, कर्जतपासून रोगी इथे येतात. द्रुतगती मार्गावरचे अपघात येतात, डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरून सर्पदंश येतात. यंत्रे वाढली, माणसे वाढली. पण एका पाळीची सिस्टर घरी जाताना दुसऱ्या पाळीच्या सिस्टरला जी दोन वाक्ये सांगते, त्यांचे मोल कोणत्याही यंत्राला आलेले नाही. ती दोन वाक्ये घाईत गेली, तर रात्र रोग्याला जड जाते.

म्हणून दवाखान्यांत काम करणाऱ्या, किंवा ज्यांची मुले-सुना तिथे काम करतात अशा साऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आठवड्यातून अर्धा तास गोल करून बसा. सुरुवात सर्वांत लहान पदाच्या माणसापासून करा, कारण मोठा आधी बोलला की लहान गप्प होतो. एक जाड वही ठेवा. ज्याने युक्ती सांगितली त्याचे नाव युक्तीशेजारी लिहा. शीर शोधायची ती तिरप्या दिव्याची युक्ती आज कुठल्या वहीत असती, तर तिच्याखाली त्या बाईंचे नाव असते, आणि त्यांना साडी-नारळाहून ते जास्त आवडले असते. आणि कोणी निवृत्त होणार असेल, तर हार घालण्याच्या आधी महिनाभर त्याच्यामागे एक नवा मुलगा किंवा मुलगी लावून द्या.

शिक्षकांनो, याचे बी तुमच्या हाती आहे. वर्गात गणित सुटलेला मुलगा पाटीवर हात आडवा धरून बसतो, शेजाऱ्याला दिसू नये म्हणून. तीच सवय पुढे मोठेपणी त्याच्याबरोबर दवाखान्यात जाते, कचेरीत जाते, कारखान्यात जाते. त्या मुलाला उठवून म्हणा, "तुला कसं सुटलं ते सगळ्यांना सांग." आणि ज्याला सुटले नाही त्यालाही म्हणा, "कुठं अडलं ते सांग." पहिल्याला मान मिळू द्या, दुसऱ्याला हसू देऊ नका. एवढे केलेत तर वीस वर्षांनी कुठल्याशा दवाखान्यात, कुठल्याशा रात्री, त्याचे फळ दिसेल.

आणि गावकऱ्यांनो, तुमच्या गावात असे पाला जाणणारे आजोबा असतील, दाईपण केलेल्या आजी असतील, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरलाही बरोबर न्या. त्यांना आदराने विचारा आणि त्या सांगतील ते लिहून घ्या. तपासल्यावर त्यातले काही टिकेल, काही टिकणार नाही. पण आजवर त्यांना कोणी विचारलेच नसेल, तर निदान तो आपला दोष राहू नये.